चर्चचे न बांधलेले मजले आणि आपल्या बागा

न्यूयॉर्कच्या हायलाइनचे, म्हणजे उंचावरच्या जुन्या रेल्वे लाइनवर केलेल्या बागेचे, फोटो टाकले की आमच्या दादरच्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास विचारतं, अरे हे सगळं करायला पैसे कोणी दिले? झाडं कुठली, डिझाइन कोणाचं, हे कोणी विचारत नाही, पैसे कोणाचे एवढंच. आणि खरं सांगू का, तोच प्रश्न बरोबर आहे, कारण बाग करणं सोपं असतं, शंभर लोक नारळ फोडायला येतात, पण रुळांखालची जमीन ज्यांची आहे त्यांना गप्प कसं बसवलं आणि पुढे गवत कापायचे पैसे कुठून आले, हे विचारलं की मग खरी गोष्ट सुरू होते.

मी सध्या न्यू जर्सीत असतो, पण त्याआधी मुंबईत काही वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होतो आणि माझं निम्मं आयुष्य पालिकेच्या बिल्डिंग प्रपोजल खात्यात बांधकाम परवानगीच्या फायली काखेत मारून फिरण्यात गेलंय. त्यामुळे टीडीआर, म्हणजे एका प्लॉटवरचे बांधकामाचे हक्क दुसरीकडे नेणं, म्हटलं की मला अजून त्या कॉरिडॉरचा वास येतो. इथे आल्यावर बघतो तर इकडेही तेच, फक्त नाव एअर राइट्स आणि विकणारे कोण, तर चर्च!

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी पटकन. समजा १००० चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि तिथे एफएसआय ३ आहे, म्हणजे ३००० मीटर बांधता येतं. पण त्यावर शंभर वर्षांपूर्वीची एक सुंदर इमारत आहे जी फक्त ५०० मीटरची आहे. उरलेले २५०० मीटर कागदावर आहेत पण बांधता येत नाहीत, कारण हेरिटेज, हात लावायचा नाही. मग मालक म्हणतो माझं नुकसान झालं, आणि ते खोटंही नाही. तेव्हा शहर सांगतं की ठीक आहे, ते २५०० मीटर तू दुसऱ्या कोणाला तरी विक, तो त्याच्या प्लॉटवर तेवढे मजले जास्त चढवेल, तुझी इमारत आहे तशी राहील. झालं, एवढीच आयडिया. आपल्याकडचे बिल्डर याला टीडीआर लोड करणं म्हणतात.

न्यूयॉर्कमध्ये हे का आलं त्याला एक जखम कारणीभूत आहे. १९६३ मध्ये त्यांनी जुनं पेन स्टेशन पाडायला घेतलं, प्रचंड खांब, काचेचं छत, सगळं गेलं आणि मग शहराला जाग आली, १९६५ ला हेरिटेजचा कायदा झाला. १९६७ मध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशन त्या यादीत गेलं. त्याची मालक रेल्वे कंपनी तोट्यात, तिला स्टेशनच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर हवा होता, मार्सेल ब्रॉयरसारख्या मोठ्या आर्किटेक्टकडून डिझाइनही करून घेतलं होतं. परवानगी नाकारली, कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल शहराच्या बाजूने दिला. त्या निकालात एक गोष्ट कोर्टाने धरली होती की बाबांनो तुमचे उरलेले हक्क अगदीच बुडालेले नाहीत, आसपासच्या दुसऱ्या प्लॉटवर नेता येतात. म्हणजे टीडीआर नसता तर निकाल कसा लागला असता कोण जाणे.

पण ‘आसपासच्या’ यातच ग्यानबाची मेख होती. नियम असा की हक्क फक्त लागून असलेल्या किंवा रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर न्यायचे. आता मिडटाउनमध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या ऑफिसांच्या भागात, शेजारी आधीच टॉवर उभे, ते कशाला विकत घेतील? सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलसारख्या चर्चकडे लाखो चौरस फूट कागदावर पडून राहिले, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र डोक्यावर. सेंट बार्थोलोम्यूज नावाचं पार्क अॅव्हेन्यूवरचं चर्च, त्यांनी तर ऐंशीच्या दशकात स्वतःचा कम्युनिटी हाऊसचा भाग पाडून तिथे टॉवर बांधायचा घाट घातला होता, शहराने नाही म्हटलं, तेही कोर्टात गेले आणि हरले. त्यांचा राग मला समजतो हो. पुण्याच्या पेठेतल्या वाड्याच्या मालकालाही विचारा, हेरिटेज म्हणजे काय, तो शिव्याच देईल.

आता हायलाइन. ही मुळात १९३४ मध्ये मालगाड्यांसाठी बांधलेली उंचावरची रेल्वे लाइन. त्याआधी गाड्या सरळ रस्त्यावरून जायच्या आणि इतकी माणसं त्याखाली यायची की दहाव्या अॅव्हेन्यूला लोक डेथ अॅव्हेन्यू म्हणायचे. मग ट्रक आले, मालगाड्या कमी झाल्या, दक्षिणेकडचा तुकडा साठच्या दशकात पाडला, आणि १९८० मध्ये शेवटची गाडी गेली. वर गवत वाढलं, खाली जमिनी वेगवेगळ्या मालकांच्या. गॅरेज, गोदामं वगैरे. या मालकांचं म्हणणं सरळ होतं, हे लोखंड पाडा, आम्हाला बांधू द्या. महापौर जुलियानींच्या शेवटच्या दिवसांत पाडायच्या कागदावर सहीसुद्धा झाली होती. दुसरीकडे १९९९ मध्ये दोन स्थानिक तरुणांनी हायलाइन वाचवायला संस्था काढलेली, पुढे ब्लूमबर्ग महापौर झाले आणि वारं फिरलं.

पण वारं फिरून मालक थोडेच गप्प बसणार! त्यांना गप्प बसवलं २००५ च्या वेस्ट चेल्सीच्या रीझोनिंगने, म्हणजे हायलाइनच्या त्या भागात कुठे काय बांधता येईल याचे नियम बदलून, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. पूर्वी तिथे कारखान्यांचा झोन होता, घरं बांधायला परवानगी नव्हती. शहराने काय केलं, दहाव्या आणि अकराव्या अॅव्हेन्यूवरच्या ठरावीक पट्ट्यांत घरांना परवानगी दिली आणि सांगितलं की इथे उंच जायचं असेल तर हायलाइनखालच्या मालकांकडून त्यांचे हक्क विकत घ्या. म्हणजे आदल्या वर्षापर्यंत जे लोक पाडा पाडा म्हणत होते, त्यांच्या हातात एकदम विकायला माल आला, आणि तो माल त्याच मोहल्ल्यात खपणार होता. वर आणखी एक कलम, काही प्लॉटवर अजून जास्तीचा एफएसआय हवा असेल तर चौरस फुटामागे ठरलेली रक्कम हायलाइनच्या निधीत भरा. पहिला टप्पा २००९ च्या जूनमध्ये उघडला, दुसरा २०११, तिसरा २०१४.

आता कोणी असं समजू नका की सगळी बाग एअर राइट्सवर झाली. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च सुमारे १५ कोटी डॉलर, त्यातले ११ कोटींच्या आसपास शहराने स्वतःच्या खिशातून घातले, दोनेक कोटी केंद्राचे. हक्कांच्या विक्रीने काय झालं तर विरोध संपला आणि जमिनीखातर एक पैसा नुकसानभरपाई द्यावी लागली नाही, जे बांधकामाच्या खर्चाइतकंच मोठं काम आहे, आपल्याकडे आरक्षित प्लॉटच्या केसेस किती वर्षं चालतात ते माहीत असेल तर कळेल मी काय म्हणतोय ते. रोजचा खर्च, माळी, सफाई, सगळं जवळजवळ पूर्णपणे ती संस्था देणग्यांतून करते.

मामा गेल्या उन्हाळ्यात आला होता तेव्हा त्याला घेऊन गेलो. मामा गिरगावात वाढलेला, नंतर बोरिवलीत, सोसायटीचा सेक्रेटरी राहिलेला माणूस, त्याला फुलं दाखवली तर त्याचं लक्ष दोन्ही बाजूंच्या काचेच्या टॉवरांकडे. "अरे ह्यांनी बाग केली की ह्यांच्यासाठी बाग केली?" असं विचारलंन. काय बोलणार! शेजारी सरकारी घरांच्या जुन्या वसाहती आहेत, तिथली माणसं हायलाइनवर फारशी येत नाहीत हे संस्थेच्या संस्थापकानेच नंतर कबूल केलंय. भाडी कुठल्या कुठे गेली. मजले विकून बाग करायची तर विकत घेणारा शेजारी येऊन बसणारच, आणि तो गरीब नसणार, हे गृहीत धरूनच चालायला हवं.

बागेच्या पैशाचा चोख हिशेब बघायचा असेल तर मात्र ईस्ट मिडटाउनकडे बघा, ग्रँड सेंट्रलच्या भोवतालचे सत्तराहून जास्त ब्लॉक. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथले नियम बदलले. शेजारच्याच प्लॉटची अट काढली, आता हेरिटेज इमारतीला त्या पूर्ण भागात कुठेही हक्क विकता येतात. पण प्रत्येक विक्रीतला २० टक्के हिस्सा किंवा चौरस फुटाला ६१.४९ डॉलर, यातलं जे जास्त असेल ते एका सार्वजनिक निधीत भरायचं, आणि तो निधी खर्च व्हायचा त्याच भागातल्या फुटपाथ, चौक, बसायच्या जागा, सबवे स्टेशनांवर. ही ६१.४९ ची खालची मर्यादा का, तर कागदावर भाव कमी दाखवून उरलेले खालून घ्यायचे ही कला फक्त आपल्याकडेच आहे असं नाही ना. आधी ही रक्कम ७८.६० ठरली होती, बिल्डर आणि चर्चवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून खाली आली.

आणि चाललं ते. जेपी मॉर्गन बँकेने २७० पार्क अॅव्हेन्यूला आपलं नवं हेडऑफिस बांधलं, साठ मजली, त्यासाठी ग्रँड सेंट्रलकडचे लाखो चौरस फूट आणि थोडे सेंट बार्थोलोम्यूजचे घेतले. हो, तेच चर्च जे टॉवर बांधू देत नाही म्हणून कोर्टात गेलेलं. निधीत चार कोटी डॉलरच्या पुढे रक्कम एकट्या त्या बँकेच्या व्यवहारातून आली. मग २०२३ मध्ये सेंट पॅट्रिक्सचा करार बाहेर आला, ३५० पार्क अॅव्हेन्यूच्या टॉवरसाठी सव्वापाच लाख चौरस फुटांपर्यंत, १६ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत. त्याचे २० टक्के काढा, तीन कोटींच्या वर होतात. चर्चला छपराचे पैसे, बँकेला मजले, चालणाऱ्याला सावली. आता हे बाग म्हणावं का? रूढ अर्थाने नाही, झोपाळे घसरगुंड्या काही नाहीत, पण मिडटाउनमध्ये बसून डबा खायला चार खुर्च्या आणि दोन झाडं मिळाली तरी लोक त्याला बागच म्हणतात.

तिसरं उदाहरण पटकन सांगतो कारण त्यात एक गंमत आहे. हडसन नदीकाठचं हडसन रिव्हर पार्क, १९९८ च्या कायद्याने झालेलं, आणि अट अशी की रोजच्या खर्चाचे पैसे स्वतः कमवा. त्यांचा मोठा आधार म्हणजे पिअर ४०, जुना जहाजांचा धक्का, आत मुलांची मैदानं आणि कडेने पार्किंग. त्याच्या पाण्याखालचे ३५०० च्या आसपास लोखंडी खांब गंजलेले. २०१३ मध्ये कायदा बदलून पार्कला स्वतःचेच न वापरलेले हक्क विकायची मुभा मिळाली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये २ लाख चौरस फूट १० कोटी डॉलरला विकायला मंजुरी मिळाली, समोरच्या सेंट जॉन्स टर्मिनलच्या जागेसाठी. हे टर्मिनल कुठलं? त्याच हायलाइनचं दक्षिणेकडचं शेवटचं गोदाम! मूळ प्लॅनमध्ये त्या जागेवर दीड हजाराच्या वर घरं होती, त्यात परवडणारी घरंही बरीच. पुढे जमिनीचे तुकडे होऊन हात बदलले आणि दक्षिणेकडच्या तुकड्यावर उभं राहिलं गूगलचं ऑफिस. म्हणजे मजले विकताना त्या मजल्यांवर पुढे काय होणार हे विकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता आपल्याकडे. आणि इथे मी थोडा चिडूनच लिहिणार आहे.

मुंबईत टीडीआर आला १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, आणि हेरिटेजसाठीचे नियम १९९५ मध्ये, भारतात सगळ्यात आधी. त्यामुळे आपल्याला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. उलट बागांसाठी टीडीआर वापरण्यात आपण चांगलेच पुढे होतो. बाग किंवा मैदान असं आरक्षण असलेला प्लॉट मालकाने पालिकेला फुकट द्यायचा, बदल्यात त्याला डीआरसी, म्हणजे त्या हक्कांचं प्रमाणपत्र, मिळायची, ती बाजारात विकायची. कित्येक बागांची जमीन पालिकेच्या ताब्यात अशीच आली आणि हे मी चांगलंच मानतो.

पण मग गडबड कुठे झाली? पहिली म्हणजे हक्क गेले कुठे. बेटावर, म्हणजे माहीम-सायनपर्यंतच्या मूळ शहरात, तयार झालेला टीडीआर उत्तरेकडे उपनगरात वापरायचा असा नियम होता, आणि २०१६ पर्यंत रेडी रेकनरशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराशी, त्याची सांगड नव्हती, म्हणजे स्वस्त जमिनीवर जन्मलेला एक मीटर महाग जमिनीवरही एक मीटरच. त्यामुळे सगळा टीडीआर वांद्रे, खार, पार्ल्यासारख्या ठिकाणी लोड झाला जिथे भाव जास्त, आणि तिथल्या त्या दोन मजली बंगल्यांच्या गल्ल्यांत सात मजले उभे राहिले, रस्ता तेवढाच, गटार तेवढंच. पार्ल्याच्या माणसाला काय मिळालं? दुसऱ्याच्या वॉर्डातली बाग. न्यूयॉर्कवाल्यांनी देणारा आणि घेणारा एकाच भागात ठेवला, ज्याच्या गल्लीत उंची वाढली त्याच्याच गल्लीत बाकडं आलं. आपण हा धागाच तोडला.

दुसरी गडबड याहून मोठी. हेरिटेजच्या मालकाचा टीडीआर विकला जायचा तर बाजारात दुसरा स्वस्त माल नको ना! आपल्याकडे नव्वदच्या दशकातच झोपडपट्टीचा टीडीआर आला, तो भरमसाट. २०१२ पासून फंजिबल एफएसआय, म्हणजे वरचं जादा बांधकाम, पैसे भरा काउंटरवर आणि न्या. मग प्रीमियमचा एफएसआय, तोही सरकारला पैसे भरूनच. आता धारावीतून निघणारा टीडीआर ठरावीक प्रमाणात आधी घ्या अशी सक्ती. सरकार स्वतःच दुकान उघडून बसलं तर जुन्या इमारतीच्या मालकाच्या टपरीवर कोण येणार? आणि त्या प्रीमियमचे पैसे कुठल्या बागेत जातात ते शोधायला गेलात तर तिजोरीच्या दारापर्यंतच पोचाल. ईस्ट मिडटाउनमध्ये जागेनुसार ठरलेल्या मर्यादेच्या वर जायचं तर ठरावीकच रस्ते ठेवलेत, हेरिटेजकडून घ्या किंवा स्टेशन सुधारून द्या वगैरे. म्हणूनच तिथे चर्चच्या कागदाला भाव आहे.

गिरण्यांचं तर बोलूच नये. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला असं सूत्र होतं. २००१ मध्ये दुरुस्ती झाली की हे वाटप फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचं, बांधकामाखालच्या नाही. हायकोर्टात लोक जिंकले, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. परळमध्ये एक अखंड मोठी बाग होऊ शकली असती, आता मॉलच्या पार्किंगमधून वाट काढा.

पुण्याने टेकड्यांसाठी प्रयत्न केला, बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, ९७८ हेक्टर. टेकडीवर बांधायचं नाही आणि त्याबदल्यात ८ टक्के टीडीआर. आठ! मालक म्हणतात ही भीक आहे, पालिका म्हणते जास्त द्यायला परवडत नाही, आणि मधल्या मधे टेकडीवर पत्र्याची शेड चढत राहते. भाव इतका कमी ठेवला की कोणी विकायलाच येत नाही, आणि कोणी विकत नाही म्हणजे बाग होत नाही.

अजून एक तांत्रिक गोष्ट आहे जी उत्साही लोक विसरतात. न्यूयॉर्कच्या चर्चकडे शिल्लक आहे कारण तिथे परवानगी प्रचंड आणि चर्च बुटकं. दक्षिण मुंबईत बेटावरचा मूळ एफएसआय १.३३, आणि ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारती त्याहून कितीतरी जास्त आधीच बांधलेल्या. त्यांच्याकडे विकायला कागदावर फारसं काही उरत नाही. वर भाडेनियंत्रण, १९४७ पासूनचं, भाडं इतकं की त्यात जिन्याचा दिवा लागत नाही. त्यामुळे हे मॉडेल उचलून सरसकट फोर्टला चिकटवायचं म्हणाल तर नाही चालणार.

पण जिथे खरंच शिल्लक आहे अशा जागा आहेत. अग्यारी, चर्च, जुन्या शाळा, आणि बंगल्यांच्या वाड्या. गिरगावातली खोताची वाडी घ्या, लाकडी जिने, बाहेर काढलेले व्हरांडे, एकेका मजल्याची दोन मजल्यांची घरं. निम्म्याहून जास्त घरं गेलीच. उरलेल्यांना बिल्डर विचारत असणारच, आणि कोणाला परदेशातल्या मुलांकडे जायचं असेल तर तो किती दिवस नाही म्हणणार.

मामाला हे सांगत होतो, तिथेच हायलाइनच्या बाकड्यावर बसून. म्हटलं वाडीतल्या घरांचे उरलेले हक्क बोरिवलीला पाठवू नका, गिरगावातच वापरा, मेट्रो स्टेशनच्या आसपास जे उंच होणारच आहे त्याच्यावर लोड करा, त्या भागात प्रीमियमचं दुकान बंद ठेवा म्हणजे भाव येईल, आणि प्रत्येक व्यवहारातला पाचवा हिस्सा चर्नी रोडच्या स. का. पाटील उद्यानाला आणि वाडीच्या फरशीला. माळ्याचा पगारसुद्धा त्यातूनच.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, पण तो पाचवा हिस्सा कुठल्या खात्यात जमा होणार आणि चेकवर सही कोणाची, ते आधी लिहून घे. मजल्यांचं नंतर बघू."